जीडीबीला सोर्स कुठून द्यायचा: 'डिरेक्टरी' की 'सबस्टिट्यूट-पाथ'?

आमचा बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणं, पुण्याच्या सर्व्हरवर होतो आणि डिबगिंग मी रत्नागिरीत बसून जीडीबी या डिबगरने करतो. मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फ कारखान्यात आमचा तापमान मोजणारा आर्म प्रोसेसरचा छोटा बोर्ड आहे. प्रोग्राम कोसळला की कोअर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) माझ्याकडे येते, आणि जीडीबी म्हणतो सोर्स फाइल सापडत नाही. कंपाइल होतानाच सोर्स फाइलचा पुण्याच्या मशीनवरचा पत्ता (पाथ) डिबग माहितीत नोंदला जातो. तो पत्ता माझ्या लॅपटॉपवर असणार कुठून?

'डिरेक्टरी' ही कमांड सोपी: शोधायचं फोल्डर सांगा, झालं. चार फाइलींचा प्रोग्राम असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. पण मोठ्या प्रकल्पात ती मला नको वाटते. दिलेल्या फोल्डरात पूर्ण पत्ता जुळला नाही, तर जीडीबी नुसत्या फाइलच्या नावाने शोधतो. आमच्याकडे 'युटिल.सी' तीन ठिकाणी आहे. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) बरोबर लागला होता, समोरच्या ओळी मात्र भलत्याच 'युटिल.सी'च्या. ते लक्षात येईपर्यंत माझी अख्खी दुपार गेली.

'सेट सबस्टिट्यूट-पाथ' पत्त्याची फक्त सुरुवात बदलतो, आतली फोल्डरं जशीच्या तशी राहतात. त्यामुळे एकाच नावाच्या फाइलींची गल्लत होत नाही. नोंदलेला पत्ता आधी 'इन्फो सोर्स' या कमांडने बघून घ्या, अंदाजाने लिहू नका. नियम अनेक असतील तर जुळणारा पहिलाच चालतो, म्हणून जास्त नेमका नियम वर ठेवायचा. मोठ्या प्रकल्पाला मी हाच सुचवेन.

बिल्ड तुमच्याच हातात असेल तर त्याहून बरं: जीसीसी या कंपाइलरमध्ये आवृत्ती ८ पासून 'एफफाइल-प्रीफिक्स-मॅप' हा पर्याय आहे, त्याने पुण्याचा पत्ता मुळातच नोंदला जात नाही.

लायब्ररींचं दुखणं वेगळं, त्यावर वरचं काहीच चालत नाही. बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर 'सेट सिसरूट' बघा; बोर्डाच्या लायब्ररी कुठल्या फोल्डरात शोधायच्या ते त्याने सांगता येतं. नाहीतर कोअर फाइल उघडताना जीडीबी लॅपटॉपच्याच लायब्ररी धुंडाळतो, आणि त्या आर्मच्या नसतात. बोर्डावर चालणाऱ्या जीडीबीसर्व्हरने थेट जोडलं तर आवृत्ती ७.१० पासून जीडीबी लायब्ररी बोर्डावरूनच ओढून आणतो. सोय चांगली, पण जेटीकडच्या मोबाइल नेटवर्कवर फार रेंगाळते. मी बोर्डाच्या लायब्ररींची प्रत लॅपटॉपवर ठेवतो आणि सिसरूट तिकडे वळवतो.

डिबगइन्फोडी हा डिबग माहिती पुरवणारा सर्व्हर, २०१९ मध्ये एल्फयुटिल्स या साधनसंचासोबत आलेला, बिल्ड-आयडीवरून (प्रत्येक बिल्डच्या ओळख क्रमांकावरून) सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) आणि सोर्स दोन्ही नेटवरून आणून देतो. लिनक्स वितरणाच्या लायब्ररींसाठी उत्तमच. स्वतःच्या प्रोग्रामसाठी मात्र सर्व्हर आपण उभारायचा. पण इकडे जुलैत लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. आणलेल्या फाइली कॅशमध्ये राहतात खऱ्या, पण मूळ सेटिंगमध्ये आठवडाभर न वापरलेली फाइल साफ होते. पावसाळ्यात मी त्याच्या भरवशावर राहत नाही.

या सगळ्या कमांड प्रकल्पाच्या फोल्डरातल्या '.जीडीबीइनिट'मध्ये (जीडीबी सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये) लिहा, आणि ते फोल्डर होम फोल्डरातल्या '.जीडीबीइनिट'मध्ये 'ऑटो-लोड सेफ-पाथ'ला, म्हणजे विश्वासू फोल्डरांच्या यादीला, जोडा. ते राहिलं तर जीडीबी एक इशारा देऊन तुमची फाइल वाचायचीच टाळतो.