छापखान्याचे वीजबिल : उपनगरातील वीज कंपनीच्या सेवेचा चार वर्षांचा अनुभव

मुंबईच्या उपनगरातील एका औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. २०२१ मध्ये आम्ही जुन्या भाड्याच्या जागेतून या गाळ्यात आलो आणि तेव्हापासून येथील वीज कंपनीचे ग्राहक आहोत. कागद, शाई आणि पगार यांच्या खालोखाल आमचा मोठा खर्च विजेचा असतो. तरीही पहिली दोन वर्षे मी बिलाची फक्त शेवटची ओळ पाहत असे. ही सवय किती महागात पडली आणि कंपनीच्या सेवेत चांगले काय, उणे काय, हे माझ्यासारख्या लहान उद्योजकांना कळावे म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण बिलाची रचना आणि दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी ठरतात आणि येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी शहरातील कोणत्याही वितरण कंपनीच्या ग्राहकाला लागू पडतील.

प्रथम बिलाविषयी. आमचे बिल दरमहा ठरल्या दिवसांत येते, मीटरचे वाचन चार वर्षांत एकदाही अंदाजाने झालेले नाही आणि बेरजेत मला पैशाचीही चूक सापडलेली नाही. मात्र त्या बेरजेमागे काय आहे, हे बिल स्वतःहून सांगत नाही. वीज आकार, वहन आकार, स्थिर किंवा मागणी आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि वीज विक्रीवरील कर अशा ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. त्यांपैकी वीज आकार वापरलेल्या युनिटांचा आणि वहन आकार तारांच्या जाळ्यातून वीज आणण्याचा. इंधन समायोजन आकार कंपनीच्या वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे दर न बदलताही दोन महिन्यांची बिले सारख्या वापरावर वेगळी येतात. विजेवर जीएसटी लागत नाही आणि शुल्क व विक्रीकर यांची वजावटही मिळत नाही, म्हणजे बिलातील प्रत्येक रुपया थेट छपाईच्या खर्चात धरावा लागतो. छपाईचे दरपत्रक काढताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आमचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते बिलाच्या कोपऱ्यातील एका छोट्या नोंदीकडे दुर्लक्ष केल्यामुळे. आमच्या आधी या गाळ्यात एका व्यापाऱ्याचे कार्यालय होते आणि जोडणी वाणिज्यिक वर्गात होती. आम्ही नाव बदलून घेतले, वर्ग मात्र तसाच राहिला. आयोगाच्या दरपत्रकात पिठाच्या गिरण्या, अभियांत्रिकी कार्यशाळा यांच्याबरोबर छापखानेही औद्योगिक वर्गात मोडतात. औद्योगिक दर वाणिज्यिक दरापेक्षा कमी असतो, आणि राज्याचे वीज शुल्कही वाणिज्यिक वापरावर २१ टक्के असताना उद्योगांना पुष्कळ कमी पडते. नाव बदलण्याच्या अर्जावर व्यवसाय म्हणून 'छपाई' असे स्पष्ट लिहिलेले असूनही काउंटरवरील कोणी वर्गाबद्दल विचारले नाही. चौदा महिन्यांनी आमचे हिशेबनीस काका दोन बिले घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, शेजारच्या बाइंडिंगवाल्याचं युनिट आपल्यापेक्षा स्वस्त कसं?" त्या एका प्रश्नावरून सगळे उलगडले. अर्ज केल्यावर पाहणी झाली, वर्ग बदलला, पण तो अर्जाच्या पुढच्या काळासाठीच. मागचे पैसे परत मिळाले नाहीत. चूक आमचीही होती, हे मी मान्य करते. तरीही ज्या खिडकीवर रोज शेकडो अर्ज हाताळले जातात, तेथे हा एक प्रश्न विचारला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या संदर्भात घरातून व्यवसाय करणाऱ्यांसाठी एक उपयुक्त तरतूद आहे. राहत्या घराच्या काही भागात शिवणकाम, शिकवणी किंवा डब्यांचा व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिट यांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. त्यापुढे मात्र वर्ग बदलून घ्यावा. घरगुती जोडणीवर मोठा धंदा चालवणे वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापर ठरते आणि आकारणी दुप्पट दराने होते.

दुसरा धडा २०२३ चा. आम्ही दुसरे मशीन घेतले आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी वीज घेण्याची मर्यादा, १८ किलोवॉटवरून ३० वर नेला. २० किलोवॉटची रेषा ओलांडली की बिलाचा स्वभावच बदलतो, हे भार वाढवताना आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. त्या रेषेच्या आत दरमहा ठरावीक स्थिर आकार असतो. पलीकडे गेल्यावर मागणी आकार, म्हणजे एका वेळी लागलेल्या सर्वाधिक विजेवरचा आकार लागतो, दिवसाच्या वेळेप्रमाणे दर बदलतो आणि युनिटे केव्हीएएच या मापाने, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) हिशेबात धरून मोजली जातात. मोटारींचा भार जास्त असलेल्या छापखान्यात पॉवर फॅक्टर सहज घसरतो. आमचा ०.७८ होता. मशीनांनी प्रत्यक्ष ३,२०० युनिट वीज खाल्ली, पण बिल सुमारे ४,१०० युनिटांचे आले. मला वाटले मीटर बिघडला. मदतकेंद्रावर तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा "रीडिंग बरोबर आहे" एवढेच उत्तर मिळाले. उत्तर खरे होते, पण त्याने माझे काहीच भागले नाही. शेवटी विभागीय कार्यालयातील एका अभियंत्या बाईंनी कागदावर आकडेमोड करून दाखवली आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल बसवण्याचा सल्ला दिला. पॅनेल बसल्यावर पॉवर फॅक्टर ०.९८ वर गेला आणि त्याच वापराची बिलातील युनिटे ३,२६५ च्या आसपास आली. त्या बाईंनी दिलेली वीस मिनिटे ही या चार वर्षांत कंपनीकडून मिळालेली सर्वांत मोलाची सेवा होय, आणि तसे मी कंपनीला लेखी कळवलेही आहे.

मागणी आकाराची गोष्ट दिवाळी अंकांच्या हंगामात कळली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे अंक, दिनदर्शिका आणि भेटकार्डे एकदमच येतात. त्या वर्षी सकाळी शटर उघडले की दोन्ही ऑफसेट, कटिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि वातानुकूलन पाठोपाठ सुरू होत असे. नोंदलेली कमाल मागणी करार मागणीच्या, म्हणजे कंपनीशी ठरवलेल्या मर्यादेच्या, वर गेली, आणि वरच्या भागावर मागणी आकार दीडपट दराने लागला. आता आम्ही एक मशीन तापून स्थिर झाल्यावरच दुसरे चालू करतो, आणि कॉम्प्रेसरची टाकी भरेपर्यंत कटिंगला हात लावत नाही. खबरदारी म्हणून करार मागणी फार वाढवून घेणेही योग्य नाही, कारण काम मंदावलेल्या महिन्यातही तिच्या ठरावीक टक्क्यांवर आकार द्यावाच लागतो. आमच्या धंद्यात पावसाळ्याचे दोन महिने मंदीचेच असतात, म्हणून हा आकडा ठरवण्यापूर्वी वर्षभराची बिले समोर ठेवावीत.

वेळेनुसार दराबाबत केंद्राच्या २०२३ च्या दुरुस्त नियमांनी दिशा स्पष्ट केली आहे : सौर तासांतील, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या वेळेतील, दर सामान्य दरापेक्षा निदान २० टक्के कमी आणि उद्योग-व्यापारासाठी सर्वाधिक मागणीच्या तासांतील दर निदान १.२ पट. नेमके तास आयोगाच्या आदेशानुसार बदलतात. रात्रपाळीत वीज स्वस्त हा आमच्या वडिलांच्या पिढीचा हिशेब आता डोळे मिटून धरता येत नाही. प्लेट काढणे आणि लॅमिनेशन ही कामे आम्ही दुपारी घेऊ लागलो आणि संध्याकाळी हाताचे काम, म्हणजे मोजणी आणि बांधणी ठेवली. कामगारांना लवकर घरी जाता येते, म्हणून त्यांनीही हा बदल आनंदाने स्वीकारला.

बिल भरण्याच्या सोयीबाबत मी कंपनीला पूर्ण गुण देईन. यूपीआय, नेटबँकिंग, भारत बिलपे, आरटीजीएस, बँकेतून रक्कम परस्पर वळती करणारी 'नाच' (एनएसीएच) सुविधा आणि भरणा केंद्र हे सगळे पर्याय सुरळीत चालतात व पावती लगेच मिळते. यातही पैसे वाचवण्यास वाव आहे. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर शुल्क व कर वगळून उरलेल्या रकमेवर १ टक्का सूट मिळते, आणि देय तारीख चुकली तर करांसह एकूण रकमेवर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. शुल्क-करांपूर्वीचे बिल ५०,००० रुपयांचे असेल, तर वेळेवर आणि उशिरा भरण्यात महिन्याला अकराशे रुपयांहून अधिक फरक पडतो. आमच्या बाबतीत धनादेश देण्याची नव्हे तर वटण्याची तारीख धरली गेली आणि त्यामुळे दोनदा सूट हुकली, म्हणून आम्ही धनादेश बंद केला. नाच सुविधा घेताना रक्कम सात दिवसांच्या आत वळती होते की देय तारखेला, हे आधी विचारून घ्यावे. आमची देय तारखेला होत असे, म्हणून आम्ही ती सोडली.

सुरक्षा ठेवीची मागणी दरवर्षी वेगळ्या कागदावर येते आणि पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार मासिक बिल असलेल्या ग्राहकाकडून सरासरी बिलाच्या दुप्पट ठेव घेतली जाते, त्यामुळे वापर वाढला की फरकाची रक्कम मागतात. या ठेवीवर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते केले जाते. आमचे व्याज दरवर्षी न मागता जमा झाले आहे. परंतु मागणीपत्रातील मजकूर थकबाकीच्या नोटिशीसारखा आहे. तो बदलावा, अशी माझी विनंती आहे.

तक्रारीचा मार्ग मला फारसा वापरावा लागला नाही, पण तो माहीत असला पाहिजे. बिलावर वाद असेल तर वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एरवीही तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. कंपनीच्या कक्षात समाधान झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. मंचाच्या आदेशानंतर लोकपालांकडे साठ दिवसांच्या आत जावे लागते.

उपनगरांतील ग्राहकांना आणखी एक पर्याय आहे, जो देशात फार थोड्या ठिकाणी मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००८ च्या निकालानंतर येथे एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. आम्ही दोन्हींचे दर मांडून पाहिले. वहन आकार तारा ज्यांच्या त्यांचाच द्यावा लागत असल्याने आमच्या वापराला फरक नगण्य होता, म्हणून आम्ही आहोत तेथेच राहिलो.

मीटरवाचन, पुरवठ्याचे सातत्य आणि भरण्याच्या सोयी यांसाठी मी या कंपनीला पाचपैकी साडेचार गुण देते, आणि ग्राहकाला समजावून सांगण्यासाठी दोनच. भार वाढवण्याच्या अर्जासोबत '२० किलोवॉटनंतर काय बदलते' हे मराठीत सांगणारे एक पान जोडले, तर ते दोनाचे चार करायला मी तयार आहे. तसे पान आम्ही स्वतः छापून वसाहतीच्या कार्यालयात लावले आहे, आणि गेल्या महिन्यात दोन गाळेवाल्यांनी ते वाचून आपल्या जोडणीचा वर्ग तपासण्यासाठी अर्ज दिले.