रविवार कारंजाजवळचं लोकरीचं दुकान

दुकान इतकं अरुंद की दोघी उभ्या राहिल्या की तिसरीनं बाहेर थांबावं. पण निफाडकडची थंडी नाशकात जाणवायला लागली की माझे पाय तिकडेच वळतात. टोपड्यासाठी लोकर मागितली तर मालक आधी विचारतात, "मावशी, बाळ केवढं?" आणि टोचणारी लोकर बाजूला सारून मऊ ॲक्रिलिक काढतात. लेबलवरचा लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, स्वतः जुळवून देतात. लॉट बदलला की तोच रंग बाहीवर वेगळा दिसतो, हे ऑनलाइन मागवणाऱ्यांना कोण सांगणार! सुया मात्र मोजक्याच. 10 नंबरची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची, हमखास मिळते. गोल सुई मागवावी लागते.

खरी मजा काउंटरपुढे. कुणीतरी पिशवीतून स्वेटरची अर्धवट विणलेली पाठ काढतं आणि गळ्याचे टाके कसे घटवायचे यावर अनोळखी बायकांची चर्चा रंगते. तिथेच ओळख झालेल्या सिडकोच्या एक ताई आता दर गुरुवारी विणकाम घेऊन माझ्याकडे येतात. हे निवृत्त झाल्यापासून घरात टीव्हीचाच काय तो आवाज होता.

गाडी लावायला जागा नाही, रिक्षानेच जा. यूपीआय चालतं. उधारी विचारू नका.