किडे कमी सापडले, तरी चार तारे

किडे पकडायच्या या चिकट सापळ्याला अभिप्रायात एक-एक तारा देऊन गेलेल्यांची तक्रार साधारण एकच दिसते: महिना झाला, किडे काही मरेनात. अहो, मरणार कसे? पुठ्ठ्याचा छोटा तंबू, आत गोंद. ना विष, ना वास. भिंतीच्या कडेने चालणारा किडा चुकून आत शिरला तर चिकटतो, बाकीचे मजेत. झुरळं संपवायची असतील तर दुसरं काहीतरी घ्या. मी हे घेते ते आमच्याकडे कोण राहायला आलंय ते कळावं म्हणून.

आमच्याकडे म्हणजे कोकणातल्या एका जुन्या वाचनालयाच्या संग्रहालयात. पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, रेशमी शेले, लोकरी शाली, लाकडी देव्हारे. किड्यांच्या हिशेबाने सगळ्या पंगती एकाच छताखाली. पूर्वी वेखंड आणि डांबरगोळ्या टाकल्या की वर्षभर कपाट उघडायचं नाही, अशी पद्धत होती.

सापळ्याचं खरं काम कळलं ते पोथ्यांच्या कपाटाजवळ. तिथे बारीक तपकिरी किडे चिकटलेले दिसले, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, तांदळातले टोके आहेत, आले असतील कुठून तरी." दहा पट दाखवणारं भिंग लावलं. टोक्याला पुढे सोंड असते, यांना नव्हती. डोकं इतकं खाली मुडपलेलं की वरून बघताना दिसतच नव्हतं. इथवर आलं की मुख्यतः दोन भुंगेऱ्यांवर संशय उरतो, सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल. फरक पाठीवर आणि मिशांत असतो. सिगारेट बीटलची पाठ गुळगुळीत, मिशा सबंध दातेरी. आमच्या पाहुण्यांच्या पाठीवर उभ्या बारीक रेघा होत्या आणि मिशीचे शेवटचे तीन मणी बाकीच्यांपेक्षा ठसठशीत. म्हणजे ड्रगस्टोअर बीटल, शास्त्रीय नाव स्टेगोबियम पॅनिसियम.

हा धने खातो, हळद खातो, बिस्किटं खातो आणि पुस्तकाच्या बांधणीतली खळही खातो. त्यामुळे आधी धास्तावून एकेक पोथी उलगडून पाहिली. गोल भोकं नाहीत, खाली पीठ सांडलेलं नाही. मग हे जगतायत कशावर? प्रत्येक सापळ्यावर मी पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहिते, ते इथे उपयोगी पडलं. किडे सगळे एकाच कोपऱ्यातले, बाकीचे सापळे कोरडे. कपाट ओढलं तर मागे उंदरांसाठी ठेवलेलं आमिष निघालं, कुणा पेस्ट कंट्रोलवाल्याने कधीकाळी ठेवून विसरलेलं. ते धान्याचं असतं, आणि रक्त गोठू न देणारं त्यातलं औषध उंदराला मारतं, या भुंगेऱ्याला त्याचं काही नाही. आत अळ्या सुखाने नांदत होत्या. ओळख न पटवता फवारणी उरकली असती, तर औषध पोथ्यांवर बसलं असतं आणि किडे जागच्या जागी राहिले असते.

खिडकीखालचा सापळा वेगळं सांगतो. तिथे ठिपक्याठिपक्यांचे गोलसर कार्पेट बीटल येतात. मोठा झालेला किडा परागकण खातो आणि उजेडाकडे जातो. शाल कुरतडते ती त्याची केसाळ अळी, अंधारात, घडीच्या आत. म्हणून खिडकीत एखादा जरी दिसला तरी मी शाली उलगडून अळीने टाकलेल्या काती शोधते. कसर आणि फिकट, डोळ्याला जेमतेम दिसणारे बुकलाइस वाढले, तर औषध नको, ओल कुठे आहे ते बघा.

लाकडाच्या किडीसाठी मात्र या सापळ्याकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे खाली काय सांडलंय ते पाहायचं. खसखशीसारखे दाणे पडले असतील आणि भिंगाखाली त्यांना सहा बाजू दिसल्या, तर आत कोरड्या लाकडातली वाळवी आहे. देव्हारा तातडीने वेगळा काढा.

आता एक तारा का कापला ते. पाकिटातल्या कागदावर झुरळाचं चित्र आहे, बस्स. ओळख पटवायला बाहेरच जावं लागतं. म्युझियमपेस्ट्स डॉट नेटवर फोटो आणि माहितीपत्रकं फुकट मिळतात. आमच्या पावसात पुठ्ठा मऊ पडून तंबूचं छप्पर गोंदावर टेकतं. दाराजवळ तांबड्या धुळीने गोंद लवकर निकामी होतो. किडा उताणा चिकटला तर पाठ दिसत नाही. मग रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन ब्रशने थेंबभर लावून, खिडकी उघडी ठेवून, त्याला सोडवायचं. आणि पाली! एक पिल्लू अडकलं होतं, खोबरेल तेल लावून सोडवलं, तोवर जीव नकोसा झाला.

भरलेला सापळा तसाच ठेवू नका. त्यातले मेलेले किडे हे कार्पेट बीटलच्या अळीचं आयतं जेवण. वासाचं आमिष असलेला प्रकार सरसकट लावायला घेऊ नका, साधाच घ्या. मोठा आकारही नको, आमच्या कपाटांखाली तो शिरला नाही.