काल्क ॲबी, डर्बीशायर: लेकाकडं युकेला गेलात तर हा वाडा बघाच

आपल्या लातूर-नांदेडकडचे आईबाप आजकाल पोरांकडं युकेला जायलेत म्हणून लिहायलो. लंडनचे राजवाडे सगळेच बघतेत, पण डर्बीपासून गाडीनं अर्ध्या तासावर टिकनल गावाजवळ हार्पर-क्रू नावाच्या बॅरोनेट घराण्याचा हा वाडा आहे, लै भारी. चकचकीत काही नाही हं, भिंतीचे कागद सोललेले, जुनी खेळणी न् मोडकं फर्निचर जिथल्या तिथं, कारण नॅशनल ट्रस्टनं (तिकडची जुन्या वास्तू जपणारी संस्था) 1985 ला ताब्यात घेतल्यावर जसा सापडला तसाच ठेवायचं ठरवलं. आमच्या मिसेस म्हणल्या, निदान चुना तरी मारायचा की.

बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नाही बरं का, नावाआधी पिढीजात 'सर' लागतं, तेही पुरुष वारसाच्याच. ह्यांना ते 1626 ला मिळालं. शेवटचे सर व्हॉन्सी तर अजबच माणूस, इस्टेटीत मोटार येऊ द्यायची नाही, पोटच्या लेकरांना काही सांगायचं तर नोकराहाती चिठ्ठी, आणि नाद काय तर पेंढा भरलेले पक्षी जमवायचा, काचेच्या पेट्याच पेट्या, जिकडं बघावं तिकडून कुणीतरी डोळे वटारून बघायलंय. मुलगा 1921 ला आधीच गेला, हे 1924 ला गेले, 'सर' तिथंच संपलं. जमीन-वाडा मात्र लेकीला, हिल्डाला. तिच्यामागं भाचा चार्ल्स, आणि घरात लाईट कधी आली तर 1962 ला! तो 1981 ला वारला न् वारसा कर निघाला जवळपास 80 लाख पौंड, मग भावानं वाडाच ट्रस्टला देऊन टाकला. आपल्याकडं इस्टेट ड्युटी, म्हणजे असलाच वारसा कर, 1985 लाच बंद झाली, त्यामुळं आपल्या गढ्या पडल्या त्या भावकीच्या वाटण्यांनी, तो विषय निराळा.

चिनी रेशमाचा पलंग चुकवू नका. अठराव्या शतकात घरात आलेले त्याचे पडदे कुणी लावलेच नाहीत, पेटीतच राहिले, म्हणून भरतकामाचा रंग अजून ताजा. भरतकाम नीट बघा, मोरपिसाचे धागे वापरलेत त्यात.

जिने आहेत, गुडघेवाल्यांनी दमानं घ्या. आणि पोराला गाडी काढायला लावा, बसच्या भरवशावर जाऊ नका.