'लोहटोळ' जोडणीसंच : कात उत्तम, पाय कच्चे

बडोद्याच्या दांडिया बाजारात हौशी इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणाऱ्या एका दुकानात 'लोहटोळ' हा जोडणीसंच १,८५० रुपयांना मिळतो. लोहटोळ हा निम्मा सजीव आणि निम्मा यंत्र असा काल्पनिक कीटक आहे. सोबतच्या पुस्तिकेनुसार त्याची मादी विश्वामित्रीकाठच्या भंगारात अंडी घालते, पिल्ले गंज खाऊन वाढतात आणि पाचव्यांदा कात टाकल्यावर पंख असलेला प्रौढ बाहेर पडतो. कोषावस्था ठेवलेली नाही, हे योग्यच. खऱ्या टोळांमध्येही ती नसते.

संचकर्त्यांनी सर्वाधिक विचार केला आहे तो कात टाकण्याचा. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो सांगाडा आहे, तो देवमासा वाढला तसा आतल्या आत वाढत गेला. कीटकाचे कायटिनयुक्त कवच मात्र बाहेरून असते आणि एकदा कडक झाले की वाढत नाही, म्हणून ते टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. संचातले जुने कवच पाठीवरच्या मधल्या रेषेवरच उकलते. आतले नवे कवच मऊ सिलिकॉनचे आणि घड्या पडलेले असते. छोट्या रबरी पंपाने हवा भरली की घड्या उलगडतात आणि मग कडेच्या पट्ट्या दाबून बसवल्या की ते ताठ होते. खरा टोळही कात टाकताना हवा गिळून अंग फुगवतो आणि नवे कवच त्यानंतर कडक होते. ही गोष्ट मुलांच्या हातून घडवून आणणारे खेळणे माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

चालही बिनचूक आहे. एका बाजूचा पुढचा व मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय एकाच वेळी टेकतो, त्यामुळे तीन पायांचा आधार कायम राहतो.

तक्रार आहे ती मागच्या पायांतल्या दंतचक्रांबद्दल. ही चक्रे फक्त प्रौढाला दिली आहेत आणि निसर्गात नेमके याच्या उलट आढळते. इसस नावाच्या युरोपीय तुडतुड्याच्या पिल्लांना मागच्या पायांच्या मुळाशी खरोखरीची दंतचक्रे असतात आणि त्यांच्यामुळे उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. पण शेवटची कात टाकताच ती नाहीशी होतात. संशोधकांनी सुचवलेले एक कारण असे, की पिल्लाचा दात तुटला तर पुढच्या कातीत नवा येतो, प्रौढाला मात्र ती सोय उरत नाही. लोहटोळाच्या प्रौढालाही ती नाही. आमच्या संचात प्लास्टिकच्या चक्राचे दोन दात थोड्याच वापरात झिजले, उडी तिरपी पडू लागली, आणि सुटे चक्र मागितले तेव्हा दुकानदाराने पूर्ण पायच घ्यावा लागेल असे सांगितले, ज्याची किंमत २४० रुपये आहे. एवढ्या विचारपूर्वक बनवलेल्या संचात ही काटकसर खटकते.

पुस्तिकेतील आकृत्या स्पष्ट आहेत, मराठी मजकूरही वाचनीय आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जोडणी जमते, फक्त पोटाखालचे बारीक स्क्रू मोठ्यांनी आवळून द्यावेत. संच अवश्य घ्यावा, मात्र त्याच वेळी मागचा एक जादा पाय पदरात पाडून घ्यावा.