फोनमधून दिसणारी हवा: वास्कोत एआर ॲप कितपत कामाचं?

कॅमेरा उघडून गॅलरीकडे रोखला की हवेत करडे ठिपके तरंगू लागतात. प्रदूषण दाखवणाऱ्या एआर (कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चित्र चढवणाऱ्या) ॲपांचा हा गुण खराच आहे. ‘पीएम2.5 साठ’ (पीएम2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक धूलिकण) वाचून ज्याला काही बोध होत नाही, त्याला ठिपक्यांची दाटी चटकन कळते. पण कॅमेरा हवा मोजत नाही. कुठूनतरी आलेल्या आकड्याचं ॲप चित्र काढतं. म्हणून आधी आकडा कुठला ते बघा, चित्र मागाहून. हवा मोजणाऱ्या केंद्राचं नाव आणि नोंदीची वेळ दाखवत नसेल ते ॲप ठेवू नये. पाच-सात किलोमीटरवरचा किंवा उपग्रहावरून बांधलेला अंदाज तुमच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) ठिपके बनून फिरत असेल.

मग हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक कोणत्या देशाचा तेही तपासा. घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम पीएम2.5 म्हणजे भारतीय पट्टीवर 100, ‘समाधानकारक’, हिरवट. अमेरिकेच्या 2024च्या पट्टीवर तोच आकडा 154 होतो आणि पडदा लाल होतो. हवा तीच, घरात भांडण मात्र लागतं. सेटिंगमध्ये भारतीय पट्टी निवडावी, आणि जमलं तर निर्देशांकाऐवजी थेट मायक्रोग्रॅम दाखवायला सांगावं. शिवाय भारतीय निर्देशांकात धूलिकणांची 24 तासांची सरासरी धरतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतात तेव्हाचा धूर त्या सरासरीत विरघळून जातो.

खरी मजा येते ती ॲपला स्वतःचा सेन्सर जोडता आला तर. पीएमएस5003 (धूलिकण मोजणारा लेसर सेन्सर) आणि ईएसपी32 (वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड) एवढ्यावर काम भागतं. सेन्सरच्या पंख्याला 5 व्होल्ट लागतात. डेटाची तार 3.3 व्होल्टची असल्याने ईएसपी32ला थेट चालते. डेटाचा वेग 9600 बॉड ठेवावा. चालू केल्यावर पहिली 30 सेकंदं सोडून द्यावीत आणि दहा मिनिटांची सरासरी ॲपला पाठवावी, नाहीतर शेजारच्या उदबत्तीनेही ठिपके उसळतात. वळचणीखाली, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब बसवा.

गोव्यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, दमट हवा. हा सेन्सर कणांवरून विखुरलेला लेसरचा प्रकाश मोजतो. आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. जूनमध्ये पावसाने धुतलेल्या सकाळी पडदा ठिपक्यांनी भरला तर हेच कारण समजावं. सोबत बीएमई280 हा आर्द्रतेचा सेन्सर लावून आर्द्रता घ्यावी आणि अमेरिकेत याच सेन्सरसाठी वापरलेलं सूत्र लावून बघावं: कच्चा आकडा गुणिले 0.524, वजा आर्द्रता गुणिले 0.0862, अधिक 5.75. कच्चा आकडा 60 आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर उत्तर येतं जेमतेम 30. सूत्र तिकडच्या हवेवर बेतलेलं आहे, तेव्हा इथे ते अंदाजापुरतंच धरावं. तरी कच्च्या आकड्यापेक्षा बरं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर, आणि मुरगाव बंदराजवळ राहणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यायलाच हवी. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळी पूड लागते, आणि ॲप म्हणतं हवा चांगली. कोळशाची, खनिजाची धूळ बहुतांशी जाड असते, पीएम2.5च्या बाहेरची. ॲप पीएम2.5वर चालतं, आणि स्वस्त लेसर सेन्सर जाड कण नीट पकडतच नाही. तो दाखवतो तो पीएम10चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा बराचसा बारीक कणांवरून काढलेला असतो. कुडचडे, सावर्डे या खाणपट्ट्यातल्या ट्रकच्या रस्त्यांवरही हेच होईल. तिथे हिरवा पडदा दाखवून कुणी ‘धूळ नाहीच’ म्हणू लागला तर ते साफ चूक आहे. सुकं पान-कचरा जाळल्याचा धूर, फटाके, शेजारची चूल यांच्यासाठी मात्र हे चित्र विश्वासाचं आहे, कारण धुराचे कण बारीक असतात.

चित्रातही खोट असते. पट्टी 0 ते 500 धरून ठिपके वाटले असतील तर 30 आणि 60 यांत डोळ्याला फरकच दिसत नाही. घेण्याआधी डेमोत हे दोन आकडे घालून बघा. ठिपके दुप्पट व्हायला हवेत. मुलांना सांगावं की केसाच्या जाडीत पीएम2.5चे वीसेक कण एका रांगेत मावतात, पडद्यावरचे वाटाणे खरे नव्हेत. कोऱ्या चुन्याच्या भिंतीसमोर ठिपके सरकत राहतात, कारण फोनला धरायला खूण सापडत नाही. तुळशीवृंदावन किंवा जांभ्या दगडाचा गडगा समोर असला की स्थिर होतात. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, फोनही तापतो. संध्याकाळी वापरा.

जाड धुळीसाठी ॲपच्या जोडीला एक पांढरी गुळगुळीत फरशी गॅलरीत 24 तास उघडी ठेवावी, पाऊस नसताना. मग ओल्या पांढऱ्या कापडाने पुसून, त्याच दिवसाच्या पडद्याच्या फोटोशेजारी ते कापड ठेवून बघावं.