पॉलिशच्या नावाखाली बागेतलं सागवानी बाकडं कसं बदललं गेलं

उन्हापावसात ठेवलेलं सागवान राखाडी पडतं. त्याला 'कूज' म्हणून कुणी तुम्हाला घाबरवायला लागलं, तर तो माणूस एक तर अडाणी आहे किंवा लबाड. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारं लिग्निन तुटतं, पावसात ते धुऊन जातं आणि वरचा पातळसा थर चंदेरी दिसायला लागतो. खाली लाकूड सहसा ठणठणीत असतं. आमच्या दारात आलेल्या पॉलिशवाल्याने मात्र बाकडं आणि खुर्च्या पाहताच मान हलवली. "आतून कुजायला लागलंय, पावसाआधी धरलं नाही तर सरपण होईल." मग ओलं फडकं फिरवून दाखवलं. ओल्या लाकडाचा रंग क्षणभर खुलला. खरं तर साधं पाणी लावल्यावर कुठलंही सागवान असंच खुलतं, पण त्याच्या बोलण्यात ते त्याच्या 'खास सागतेला'चं काम होतं.

या सागतेलाबद्दल आधी सांगते, कारण सगळी फसवाफसवी या नावाभोवतीच फिरते. सागाच्या झाडातून काढलेलं असं कुठलं तेल त्या डब्यात नसतं. बहुतेक डब्यांत जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल, थोडं वार्निश आणि पातळ करायला टर्पेंटाइनसारखा द्रव असतो. त्यात गैर काही नाही, पण ते वर्षातून एकदा-दोनदा पुन्हा लावावं लागतं आणि नुसतं जवसाचं तेल असेल तर दमट हवेत त्यावर काळे डाग धरतात. 'एकदा लावा, दहा वर्षं विसरा' हे त्याचं वाक्य तिथेच खोटं ठरतं.

त्याने सामान कारखान्यात नेण्याचा आग्रह धरला. धूळ होईल, वास येईल, मशीनवर काम चांगलं होतं वगैरे. अर्धे पैसे आगाऊ घेतले. परत आलं तेव्हा सगळं आरशासारखं चमकत होतं, लालसर तपकिरी, एकही फट दिसेना. उरलेले पैसे घेऊन तो गेला. बिलावर दोनच शब्द होते, 'पॉलिश काम'.

पहिल्या दमदार पावसानंतर बसायच्या पट्ट्यांवर पांढुरके डाग उमटले. मग ऊन पडलं तसं पृष्ठभाग चिकट व्हायला लागला, कपड्यांना तांबूस रंग लागू लागला आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटले. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यावर दाबून धरला, तर सगळी चमक बोळ्यावर उतरली. ते लाखेचं पॉलिश होतं, लाल रंग मिसळलेलं. घरातल्या कपाटाला ते शोभून दिसतं. बाहेर मात्र पाण्याने पांढरं पडतं. बाहेरच्या कामाला उन्हाचा मारा सोसणारं आणि लाकडाबरोबर थोडं ताणलं जाणारं वार्निश लागतं. ते महाग असतं आणि वाळायलाही वेळ घेतं, म्हणून टाळलेलं.

काका मग पायांकडे वळले. जमिनीला टेकणाऱ्या टोकातून लाकूड सर्वांत जास्त पाणी ओढतं, त्यामुळे कुजायला सुरुवात तिथूनच होते. त्यांनी टोच्या लावला तर तो भसकन आत गेला. कुजका भाग न काढता वर लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरून रंग दिला होता. पाणी पिऊन ती लांबी फुगली होती. स्क्रूही बदललेले होते. आधीचे पितळी होते, आता पितळी रंग मारलेले लोखंडी. त्यांच्याभोवती निळसर काळे डाग पसरले होते, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात एकत्र आले की तसे डाग पडतात.

पण खरा धक्का पट्ट्या उलट्या केल्यावर बसला. काकांनी खालून रंधा मारला. काही पट्ट्यांच्या भुशाला सागाचा तो चामड्यासारखा वास होता, भुसा बोटांना किंचित तेलकट लागत होता. बाकीच्या पट्ट्यांतून कोरडा, पांढरट भुसा निघाला. आमचं सागवान कारखान्यातच राहिलं होतं! कारखान्यात नेण्याचा एवढा हट्ट का, ते तेव्हा कळलं. फोन केला तर म्हणाला, "पाऊस पडला त्याला मी काय करणार ताई?" वर पुन्हा एक हात मारून द्यायचे वेगळे पैसे सांगितले. नंतर फोन उचलणंच बंद.

काकांनी लाख स्पिरिटने पुसून काढली आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने 80, 120, 180 नंबरच्या सँडपेपरने घासलं. लोखंडी डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावून भरपूर धुतलं (ते विषारी असतं, हातमोजे हवेतच). जोराच्या पाण्याचं मशीन त्यांनी हातात धरलं नाही. त्याने रेषांमधलं मऊ लाकूड उडून जातं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. पाय खालून कापून सांधले. शेवटी तेल लावलं आणि त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू दिली नाहीत, कारण जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

तुमच्याकडे कुणी असं काम मागायला आलं तर ते अंगणातच करायला सांगा. न्यायचंच असेल तर प्रत्येक पट्टीच्या खालच्या बाजूला न पुसली जाणारी खूण करा आणि फोटो काढून ठेवा. लांबी भरण्याआधी पाय टोचून बघा. बिलावर लाकूड, स्क्रूचा धातू आणि कुठलं वार्निश किंवा तेल, त्याचे किती हात, हे लिहून घ्या. काम नीट वाळलं की खालच्या बाजूला ओलं फडकं रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा दाबून बघा. पांढरं पडलं किंवा रंग उतरला तर उरलेले पैसे देऊ नका.